ओजोला टेकायला जागा मिळेना

"अहो, जमिनीवर चालायला मी नंतर शिकलो. आधी काठ्यांवर नाचलो!" टोगोतल्या आताक्पामे गावच्या समाजकेंद्राच्या पत्र्यावर बसून ओजो गरजला. दोन पुरुष उंचीच्या काठ्या पायांना करकचून बांधलेल्या. खाली नृत्यशिबिराला अर्धं गाव लोटलेलं.

"मी जे ओरडेन तेच ओरडायचं! जोरात!"

ढोल घुमले. ओजो उठला आणि असा नाचला की काय सांगू! लोक इतके खूश झाले, की नीट दिसावं म्हणून भराभर छपरांवर चढले. ओजो जिथून उठला नेमक्या त्याच कडेवर शिंपी, मास्तरीण आणि चर्चमधल्या गाणाऱ्या बायका दाटीवाटीनं बसल्या.

आता काठ्यांवर थांबून चालत नाही. थांबला तो आडवा! आणि कुठंतरी उंचावर टेकल्याशिवाय काठ्या सुटत नाहीत. ओजो वळून कडेपाशी आला.

"सरका!" तो ओरडला.

"सरका!" पाचशे गळे गरजले.

"अहो, खरंच सरका!"

"अहो, खरंच सरका!" टाळ्यांसकट! ढोलवाल्यांनी तर त्यावर ठेकाच धरला.

"मेलो!"

"मेलो, मेलो, मेलो!"

ओजोचे पाय लटपटायला लागले. अख्ख्या गल्लीत एकच छप्पर मोकळं होतं, सासूबाईंचं. त्यावर चढायची गावात कुणाची छाती नव्हती. ओजोचीही नव्हती, पण मरणापेक्षा सासू बरी! डोळे मिटून तो त्या पत्र्यावर धप्पकन बसला.

कडाड्! पत्रा फाटला. पाय रस्त्यावर, बूड सासूबाईंच्या स्वयंपाकघरात!

आत मुसळ थांबलं.

"कोण आहे रे?"

"मी... जावई."

"दारातून यायची पद्धत असते, जावईबापू!"

"मारू नका हो!"

"मारतेय कशाला? हलू नका, शिडी आणते!"

सासूबाई स्वतः वर चढल्या, काठ्यांचे दोर सोडवू लागल्या. "किती कापताय! खाली बघू नका. माझ्याकडे बघा." ओजोनं घाबरत घाबरत बघितलं. त्यांचेही हात कापत होते.

दुसऱ्या दिवशी शिबिरात त्रेसष्ट नवी नावं! सगळ्यांचा एकच हट्ट, "मास्तर, ते शेवटचं पाय लटपटवणं शिकवा! असलं आजवर पाहिलं नव्हतं!"

ओजो रोज घाम गाळतो, पण तसं काही केल्या जमत नाही. सासूबाई म्हणतात, "नवा पत्रा बसवलाय. या की पुन्हा!"