सामंतकाकांची माझूमाता

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीची आरती संपली की सामंतकाका मागून खणखणीत आवाजात ओरडतात, "माझूमाता की जय!" नवीन आलेल्या लोकांना वाटतं, काका आपल्या आईचा जयजयकार करतायत. एकदा एका बाईंनी हळहळून विचारलं, "आई अलीकडेच गेल्या का?"

"माझू हो! चिनी समुद्रदेवी!" काका म्हणाले, आणि प्रसादाचा शिरा गार होईपर्यंत त्या बाईंची सुटका झाली नाही.

काका मूळचे मालवणचे. तरुणपणी मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते, आता इथल्या गोदीत जहाजं तपासतात. सुट्टी मिळाली की लोक घरी जातात, काका पेनांगला नाहीतर मकावला जातात. "मकाव हे नावच मुळी तिच्या देवळावरून पडलं," हे ते लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पठाणालाही सांगतात. देवीच्या दोन्ही बाजूंना दोन राक्षस उभे असतात म्हणे, एकाला हजार मैलांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेवहिनी आणि आमची ही, या दोघींकडे बघून काका म्हणाले होते, "आपल्याकडे ती सोय आहेच." ही आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हती.

माझ्या मुलीला त्यांनी गोष्ट सांगितली. कोळ्यांची एक मुलगी, वादळात सापडलेल्यांना वाचवायची, पुढे तीच देवी झाली. लेक म्हणाली, "सो शी वॉज अ लाइफगार्ड?" काका खूश. "करेक्ट! तुझ्या बापाला एवढं कळत नाही."

एकदा एक एजंट सी-व्ह्यू फ्लॅट विकायला आला. काकांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "सिंगापूरला तिच्या देवळाच्या पायरीशी समुद्र होता. भर टाकून टाकून हाकलला. आता समोर बँका. अहो, देवीचा सी-व्ह्यू गेला, माझा राहील?" एजंट ब्रोशर तिथेच ठेवून पळाला.

दुबईबाहेरच्या चिनी बाजारात त्यांना लिन सापडली. दिव्यांचं दुकान, आणि बाई थेट माझूच्या मुलखातली! काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. लिन मात्र म्हणाली, "माझू? माय ग्रँडमदर लाइक. मी, नो टाइम." तरी काका जात राहिले. नुसतं कसं जायचं, म्हणून दर वेळी एक दिवा घेत. त्यांच्या घरात आता गॉगल लावून बसावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. लिन काउंटरमागे हमसून हमसून रडत होती. शेजारचा दुकानदार हळूच म्हणाला, तिची आई गेली, विमान उद्या आहे.

"काका, निघू या," मी म्हणालो. "आत्ता आपण कशाला?"

काकांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. मला म्हणाले, "कोपऱ्यावरून गरम सूप आण. नूडल्सवालं."

मी आणलं. काकांनी ते तिच्यापुढे सरकवलं. खा म्हणाले नाहीत, रडू नको म्हणाले नाहीत, माझूचं नावसुद्धा काढलं नाही. एक गिऱ्हाईक झुंबराची किंमत विचारत आलं, त्याला म्हणाले, "खलास हबीबी, टुडे क्लोज्ड." बऱ्याच वेळाने लिनने चमचा उचलला. तिचं खाऊन होईपर्यंत काका उठले नाहीत.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही अडकलो. काका समोर बघत म्हणाले, "माझी बायको, सुधा, गेली तेव्हा माझं जहाज मलाक्काला होतं. तेरावं होऊन गेल्यावर घरी पोचून काय करणार होतो? बंदराजवळ माझूचं देऊळ दिसलं, आत जाऊन बसलो. तिथे झाडणारी एक म्हातारी होती. तिने असाच वाडगा आणून ठेवला आणि शेजारी बसली. ना तिला माझी भाषा, ना मला तिची."

"मग?"

"पुढच्या खेपेला गेलो, तर ती नव्हती. कुठे गेली, ते कुणाला सांगता येईना. तेव्हापासून माझूचं देऊळ दिसलं की आत डोकावून येतो."

"देवीसाठी?"

"देवीचं काय," काका म्हणाले, "ती सगळ्या देवळांत असतेच."