चार डझन अंडी आणि आकाशाचा दिवा

वीस दिवस खपून तौकीरमियाँनी मुद्दाम जुनापुराणा केलेला दिवा त्यांच्या अम्मींनी, म्हणजे कैसर जहाँनी, अर्ध्या तासात नवाकोरा करून टाकला. चिंच, राख आणि मनगट. वर पुन्हा, "इतकं घाणेरडं भांडं पाहुण्यांपुढे ठेवतात का?" हे होतंच.

ते भांडं नव्हतं. पूर्वीचे ज्योतिषी आकाश मोजायला एकात एक फिरणाऱ्या पितळी कड्या वापरत, तशा कड्यांचा दिवा होता तो. मधोमध पृथ्वीच्या जागी बल्ब. काळेपणा हेच त्याचं मोल. पोर्तुगालच्या बाई दुपारी नमुना बघायला येणार होत्या. पसंत पडला तर साठ दिव्यांचं काम, नाही तर मुरादाबादची भट्टी विझवून रामपूरला सासऱ्यांच्या गाद्यांच्या दुकानात कापूस भरत बसायचं, असं तौकीरमियाँचं ठरलेलं होतं.

"अम्मी, तुम्ही मला बुडवलंत!"

"पॉलिशवाल्याची लेक आहे मी. काळं पितळ बघून हात स्वस्थ बसतात होय?"

काळं करायचं औषध संपलेलं आणि शुक्रवार म्हणून दुकानाला कुलूप. तेवढ्यात तौकीरमियाँची बायको शगुफ्ता म्हणाली, "उकडलेल्या अंड्यांनी आमच्याकडचा पितळी चमचा काळा पडला होता."

बुडत्याला काडीचा आधार. चार डझन अंडी आली. उकडून, सोलून, गरम गरम कुस्करून मोठ्या देगेत घातली, वर दिवा टांगला आणि कैसर जहाँनी बिर्याणीसारखी कणीक लावून झाकण बंद केलं. तासाभरात गल्लीत असा काही वास सुटला, की शेजारच्या नूरी खाला विचारपूस करायला आल्या. "कोण आजारी आहे गं, बाई?"

"आकाश," शगुफ्ता म्हणाली.

झाकण उघडलं तर दिवा तव्यासारखा काळाठिक्कर. तौकीरमियाँच्या जिवात जीव आला. तेवढ्यात दलाल रस्तोगीजी बाईंना घेऊन दारात हजर. "अम्मी, नुसता धरून उभ्या राहा. हात लावू नका!" असं बजावून ते पुढे धावले.

धरायचा आणि हात लावायचा नाही! कैसर जहाँनी ओढणीच्या पदराने कड्यांच्या कडा तेवढ्या पुसल्या. जिथे बोटं लागतात तिथे थोडं जास्त. तौकीरमियाँ परत आले, सोनेरी कडा बघितल्या आणि भिंतीला टेकले. त्यांना डोळ्यांसमोर रामपूरचा कापूस दिसू लागला.

बाईंनी नाकाला रुमाल लावला. मग एक कडी फिरवली, दुसरी फिरवली, आणि रुमाल विसरल्या. बराच वेळ त्या रस्तोगीजींशी बोलत होत्या.

"बाई म्हणतात," रस्तोगीजींचा आवाज चढला, "बाकीचे कारखानदार सगळं सरसकट काळं करतात. खऱ्या जुन्या यंत्रावर मात्र बोटं फिरून फिरून कडा उजळलेल्या असतात, खाचांत काळोख राहतो. असं काम त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. साठ नाही, दोनशे! फक्त एक अट आहे. शेवटचा हात याच उस्तादाचा हवा. कोण आहे तो?"

तौकीरमियाँनी आईकडे बघितलं. डोळे भरून आले, छाती फुगली, आणि हसूही आवरेना. "या! या माझ्या अम्मी!"

कैसर जहाँनी ओढणी डोक्यावर सारखी केली आणि राणीसारखी मान डोलावली. "करीन. पण बाईंना सांगा, उस्ताद अंडी सोलत नसतात."

संध्याकाळी कारखान्याचे मालक तौकीरमियाँ अंगणात पाट घेऊन बसले होते. समोर उकडलेल्या अंड्यांचा ढीग होता. आतून अम्मींचा आवाज आला, "टरफल नीट काढ रे. आणि जरा भरभर."

"जी, उस्ताद," ते म्हणाले.