आप्पा सदलग्यांची भुतं

निपाणीच्या जकात नाक्यावरचे कारकून आप्पा सदलगे यांचं तोंड मी बंद केलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगणार आहे ते वाचून तुम्हाला हसू येईल, मलाही लिहिताना येतं आहे, आणि हसण्याच्या नादात माझी चूक बाजूला राहून जाईल. ती राहू नये. गेली दहा वर्षं ती मला धड एका जागी बसू देत नाही.

आप्पा इंग्रजी बोलपटांतल्या भुतांना मराठी बोलायला लावत.

हे जरा समजावून सांगतो. त्या वेळी निपाणीत तंबाखूच्या एका जुन्या वखारीत पडदा लावून थिएटर केलं होतं. संध्याकाळी मराठी खेळ व्हायचे. रविवारी दुपारी मात्र खिडक्यांना गोणपाट लावून इंग्रजी खेळ दाखवत, आणि त्यात बहुतेक भुताखेतांचे. इंग्रजी कळणारं तिथं कुणी नसे. म्हणून मशीनवाला आवाज बारीक करी, आणि पडद्याच्या डाव्या अंगाला काळोखात हातात वेताची छडी घेऊन आप्पा उभे राहत. कोण काय बोलतंय ते छडीनं दाखवून सांगत. त्यांना सगळे ‘सांगणारे आप्पा’ म्हणत.

अडचण एकच होती. आप्पांनाही इंग्रजी येत नव्हतं.

पण त्यांचं कुठं अडलं नाही. शनिवारी मशीनवाल्याशेजारी बसून ते खेळ एकदा बघून घेत आणि रविवारी बिनधास्त सांगत. पडद्यावर एखादी जुनी गढी. दार आपोआप उघडतं. जिन्यावरून काळ्या झग्यातला उंच, पांढराफटक मालक मेणबत्ती घेऊन एकेक पायरी उतरतो आणि दारातल्या पाहुण्याला सावकाश काहीतरी म्हणतो. इकडे सगळी वखार श्वास रोखून बसलेली, आणि काळोखातून आप्पांचा खोल आवाज येई, “या पावणं. लई लांबनं आलासा. पाय धुवा. जेवलासा का?”

मागून एखादा गाडीवान ओरडे, “आप्पा, ते रगत पितंय म्हणं!”

“पितंय की. पन आदी इचारतंय का न्हाय?”

पेटीतून उठणारी मेलेली नवरी आप्पांच्या मराठीत “आई, किती वाजलं गं?” असं विचारी. भुतांच्या मागावर असलेल्या शहाण्या माणसांवर मात्र आप्पांचा राग होता. चष्मेवाला डॉक्टर पडद्यावर पाच-पाच मिनिटं बोले. आप्पा एवढंच सांगत, “हे डागदर हाय. कायतरी सांगतंय.” लोकांचंही तेवढ्यावर भागे.

त्या वखारीच्या भिंतींतून तंबाखूची भुकटी कधी गेलीच नाही. मशीनच्या उजेडाच्या झोतात ती तरंगताना दिसे, आणि ऐन भीतीच्या वेळी कुणीतरी दणकून शिंके. त्या शिंकेनं अर्धी वखार दचके. आप्पा पडद्यावरच्या भुताच्या वतीनं ताबडतोब म्हणत, “जपा जिवाला.”

नाक्यावरही त्यांचा सराव चाले. चिकोडीकडून गाडी आली की काठी आडवी धरून ते घोगऱ्या आवाजात विचारत, “कोन... हायस... तू?”

“आप्पा, मी म्हाद्या की. काल बी आलतो.”

“काल आलतास ते जित्ता. आज कशावरनं?”

म्हाद्या आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघे आणि मग हसे.

आप्पांचा चेहरा देवीच्या वणांनी पार चाळणीसारखा झाला होता. डावा डोळा पांढरा पडला होता. मूल जेवत नसलं की निपाणीतल्या आया म्हणत, “थांब, नाक्यावरच्या आप्पाला बोलवते.” काही जणी तर मुलाला कडेवर घेऊन थेट नाक्यावरच येत. आप्पा पावतीपुस्तक बाजूला ठेवत, डोळा वटारत, गुरगुरत. मूल किंचाळे, आई समाधानानं परत जाई, आणि आप्पा पुन्हा पावती फाडायला घेत. या कामाला त्यांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, “आप्पा, त्या भुतांच्या खेळात तुम्हाला एवढं काय दिसतं?” मी तेव्हा तंबाखूच्या एका पेढीवर इंग्रजी पत्रं लिहिण्याचं काम करत होतो. मॅट्रिक झालो होतो, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

आप्पा म्हणाले, “त्यात काळोकाला मान असतोय, शंकरराव. आर्दं त्वांड उजेडात, आर्दं काळोकात. काळोकातलं कसं आसंल ह्ये ज्येनं त्येनं ठरवायचं. सगळंच दिसलं तर मानूस बघायचं सोडून देतंय.”

मी हसलो होतो. आता असे खेळ बघायला बसलो की जिन्यावरची ती लांब सावली दिसते, तिच्या मागचा माणूस अजून आलेलाच नसतो, आणि मी खुर्चीत चुळबुळत राहतो. आप्पा म्हणाले त्यात सगळं आलं होतं.

तर तो रविवार. बेळगावचे माझे दोन मित्र आले होते, दोघेही कॉलेजात शिकणारे. दलदलीच्या काठावर गढी असलेला एक भुताचा खेळ आम्ही तिघांनी आठवड्यापूर्वीच बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांमध्ये बसून पाहिला होता. तोच निपाणीत लागला. मित्र म्हणाले, “चल, तुझ्या गावचं थिएटर बघू.” मी टाळत होतो. त्यांनी ओढत नेलं.

आप्पांनी पहिलं “जेवलासा का?” विचारलं आणि माझे मित्र एकमेकांवर कोसळून हसायला लागले. “अरे, हे तुमचं भूत आहे की खानावळवाला?” मला निपाणीची लाज वाटली, गोणपाटांची वाटली, शेंगांची टरफलं टाकणाऱ्या बायकांची वाटली. खेळ संपेपर्यंत मी बाकावर इकडून तिकडे सरकत होतो.

शेवटी गावकरी मशाली घेऊन येतात आणि गढी पेटवतात. तो उंच मालक ज्वाळांत दिसेनासा होतो. डॉक्टर टोपी काढून सांगतो की तो मेला. मूळ खेळात हे इतकं स्वच्छ सांगितलं आहे की पहिलीतल्या पोरालाही समजावं.

आप्पा म्हणाले, “त्यो मेला न्हाय. मागल्या दारानं भाईर पडला. आता चालत चालत जांबोटीच्या रानात जाईल. तितं पाऊस लई. भाजल्यालं आंग गार हुईल. तितं त्येला कोन इचारनार न्हाय, तू असा का दिसतोस म्हनून.”

बायकांच्या बाजूनं “बरं झालं बाई” असा आवाज उठला.

मी उभा राहिलो. “खोटं आहे! तो मेला! डॉक्टर साफ म्हणालाय की मेला. या माणसाला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. इतकी वर्षं तुम्हाला मनाला येईल ते सांगतोय!”

गलका झाला. मशीनवाल्यानं घाबरून दिवे लावले. पडद्याशेजारी आप्पा छडी घेऊन उभे होते. इतक्या वर्षांत त्या जागेवर लोकांनी त्यांचा फक्त आवाज ऐकला होता. आता सगळ्यांसमोर त्यांचा चेहरा होता. मग वखारभर मोठं हसू उसळलं. आप्पांनी छडी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाहेर गेले.

थिएटरच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. “तुला एवढं येतंय, तर तूच सांग की रं.” आणि मी तयार झालो! हेही लिहिलंच पाहिजे. पुढच्या रविवारी त्यांच्या जागेवर, त्यांचीच छडी घेऊन, मी अगदी बरोबर मराठी सांगितलं. डॉक्टरांचं भाषण तर एक शब्द न गाळता सांगितलं. अर्ध्या खेळात तंबाखूची पानं सोलायच्या कामावर जाणारी एक बाई म्हणाली, “पोरा, त्ये ऱ्हाऊ दे. त्यो पावना जेवला का न्हाय त्येवढं सांग.” मी म्हटलं, तसं काही खेळात नाही. ती उठून गेली. तिच्यामागून चारजणी गेल्या. तिसऱ्या रविवारी सगळ्या वखारीत मी, मशीनवाला आणि एक झोपलेला गाडीवान होतो. इंग्रजी खेळ बंद झाले.

आप्पांचं नाक्यावरचं काम चालूच होतं, पण आवाज काढणं थांबलं. गाडी थांबे, पावती फाटे, गाडी जाई. म्हाद्या एकदा स्वतः होऊन म्हणाला, “आप्पा, इचारा की मी कोन हाय ते.” आप्पा म्हणाले, “म्हायती हाय. म्हाद्या.”

वर्षभरात मी नोकरी बदलून बेळगावला आलो. लोकांना वाटलं, पगारासाठी गेला.

तेव्हापासून माफी मागायला मी किती वेळा निघालो, सांगत नाही. एकदा नाक्यापर्यंत पोचलो आणि उगाच हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. एकदा त्यांच्यासाठी कॅम्पातल्या थिएटरची रंगीत हस्तपत्रकं नेली आणि नाक्याच्या खिडकीत ठेवून चोरासारखा पळालो. यंदा मात्र लढाईमुळं पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर खोकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसलो, दोनदा वाटेत उतरून ती ढकलली, आणि थेट त्यांच्या घरी गेलो.

आप्पा ओट्यावर बसून जुन्या छत्रीची काडी बसवत होते. मी उभ्या-उभ्याच सगळं बोलून टाकलं. त्यांनी काडीवरची नजर काढली नाही.

“माजी माफी कशापायी मागतोस? मी इंग्रजी शिकलो न्हवतो ह्ये खरंच की. बसल्याल्या मानसांची माग. त्यो बिचारा रानात जाऊन सुखाला लागला आसं समजून ती घरी जानार हुती. तू त्येला मारलास आनि त्यास्नी घरी धाडलास.”

“पण आप्पा, तुमचा अपमान...”

“माजं ऱ्हाऊ दे. चा घेऊन जा.”

विषय संपला. चहा झाला. त्यांच्यासोबत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, गोदाक्काला, मी लहानपणापासून ओळखतो. मला वाटेला लावायला ती कोपऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, “एक सांगू का रं शंकर? राग धरू नगो.”

“बोला आक्का.”

“त्येला देवी आल्या तवा सात वर्साचा हुता. मी तान्ही हुते. मला लागतील म्हनून त्येला परड्यातल्या गोठ्यात ठेवलं, म्हैनाभर. आईला आत जायला बंदी. ती दाराभाईर हुबी ऱ्हाऊन इचारायची, ‘जेवलास का रं?’ त्यो आतनं व्हय म्हनायचा. त्या म्हैन्यात त्येच्यासंगं तेवढंच कोन बोललं. म्या जगावं म्हनून त्यो तितं ऱ्हायला.” तिनं पदर खोचला. “त्या रविवारी घरी आला आनि भाकरी पुडं घेऊन तसाच बसला. म्या इचारलं तर म्हनला, ‘गोदे, दिवा लागला गं.’ बाकी काय न्हाय.”

आता एक गोष्ट, जी मी वर लिहिली नाही. तिथं लिहिता आली असती. हात गेला नाही. दिवे लागल्यावर वखार आपोआप हसली नव्हती. दिवे लागले तेव्हा सगळे गप्पच होते. मित्रांकडे बघत मी मोठ्यानं म्हणालो होतो, “मशीन बंद करा हो, खरं भूत इथंच उभं आहे!” त्यावर वखार हसली. माझ्या मित्रांच्या ते लक्षातही नाही.

मी मोटारीकडे न जाता वखारीकडे वळलो. दुपारचा मराठी पौराणिक खेळ चालू होता. मालक आता म्हातारे झाले होते. मी म्हटलं, मध्यंतरात मला बोलू द्या. ते म्हणाले, “लोकांच्या शेंगा संपायच्या आत उरक.” मग मी नाक्यामागं आप्पांच्या घरी परत गेलो आणि त्यांना म्हटलं, तुम्ही सांगितलंत तसं बसलेल्या माणसांची माफी मागतोय, पण तुम्ही आलात तरच. त्यांनी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली. मग टोपी घातली. “बसनार न्हाय. दाराशी हुबा ऱ्हाईन.”

मध्यंतर झालं. दिवे लागले. मी पडद्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. समोर दोनअडीचशे चेहरे, निम्मे माझ्या ओळखीचे नव्हते.

“काय इकतंय रं ह्ये?” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

“साबन आसंल.”

“मोट्यानं बोल की, बाबा!”

मी बोलायला सुरुवात केली आणि भलतीकडेच गेलो. इंग्रजी खेळ, रविवार, माझं शिक्षण. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली, डोळे बारीक करून बघत म्हणाली, “आगं, ह्यो तर त्योच! आप्पाचा खेळ मोडनारा!” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दाराशी, पुऱ्या उजेडात, टोपी हातात घेऊन आप्पा उभे होते. त्यांनी मान खाली घातली नव्हती.

मग मला वाक्यं जुळवावी लागली नाहीत.

“व्हय, त्योच मी,” मी म्हणालो. “शंकर देसाई. आप्पा तुम्हाला सांगत होते ते माझ्या इंग्रजीपेक्षा चांगलं होतं. ते मी तुमच्याकडून काढून घेतलं, म्हणून तुमची सगळ्यांची माफी मागतो. आणि आप्पा, इथं, याच जागेवर, मित्रांना हसवायला मी तुमच्या चेहऱ्यावरून बोललो. ते दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं, मीच म्हटलं होतं. माझं चुकलं, आप्पा. मला माफ करा.”