बाबारावांचं ‘शिळं हाय!’

ताडकळसचे बाबाराव कीर्तनात सुद्धा ‘शिळं हाय!’ म्हणून वरडायचे. महाराज ऐन रंगात, टाळकरी माना डोलवायलेत, दृष्टांत निम्म्यावर आलाय, अन् खांबाला टेकून बसलेल्या बाबारावांचा हात वर व्हायचा. “महाराज, शिळं हाय. मागल्या सप्त्यात ह्यानंच झोप लागली व्हती.” महाराजांचा दृष्टांत तिथंच रुतायचा.

कुठं काय बोलावं ह्याचा त्यांना धरबंधच नव्हता. पुढारी आला अन् पक्की सडक देतो म्हणला, की बाबाराव म्हणायचे, “शिळं हाय! तुमच्या सासऱ्यानं बी हीच सडक दिलती.” एसटीचा कंडक्टर ‘पुढं सरका’ म्हणला, तरी “शिळं हाय.” एकदा एका घरी दहाव्याला लोक जमलेले. कुणीतरी डोळे पुसत म्हणलं, “म्हातारा लय देवमानूस व्हता.” बाबाराव हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “शिळं. दुसरं काय ठावं असंल तर सांगा.” मग लोक खरंच आठवायला लागले. म्हातारा रात्री चोरून गूळ कसा खायचा, ते त्याच्या सुनंनंच सांगितलं. सांगताना ती आधी हसली अन् मग खरी रडली.

उंच, वाळका माणूस. चांगला बागायतदार, पण अंगावर एकच मळकी बंडी. काखेत घडी घातलेलं गोणपाट. हे गोणपाट तमाशाच्या पुढं, अगदी फळ्यांना नाक लागंल असं अंथरायचं, अन् गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. ती जागा त्यांचीच. पाटील आला तरी त्या जागेवर बसत नसे.

आता मला हे सगळं काऊन ठावं, तर मी झरीच्या तमाशाच्या फडात सोंगाड्या होतो. शाळा माझी दुसरीतच सुटली, त्याचा मला काही पस्तावा न्हाई. दुसरीत जेवढं शिकवतात तेवढ्यावर मी परभणीपासून ताडकळसपर्यंत सगळा मुलूख हसवलाय. नाचणारीला लोक बघतात, गाणारीला ऐकतात. सोंगाड्याला मात्र पारखतात. वग सुरू व्हायच्या आधी बतावणी असते, म्हणजे सोंगाड्यानं समोरच्या लोकांशी हजरजबाबी बोलायचं. तिथंच त्याची इज्जत राहते न्हाई तर जाते.

मधी वरडणारा प्रत्येक गावात असतो. त्याला गप करायचे माझे इलाज ठरलेले होते. पहिल्यांदा ऐकूच आलं न्हाई असं करायचं. पुन्हा वरडला तर प्रेमानं नाव विचारायचं. नाव माझ्या तोंडात आलं की माणूस माझ्या मुठीत आला, मग खेळ संपेपर्यंत वगातलं गाढव त्याच्याच नावाचं. आईबहिणीवरून बोलायचं न्हाई, जातीवरून तर न्हाईच. एवढं पाळलं की कसलाबी माणूस खाली बसतो.

बाबाराव बसले न्हाईत. पहिल्याच वर्षी मी विचारलं, “मालक, नाव काय म्हणायचं?” तर तेच उठून उभे राहिले. “बाबाराव. बापाचं नाव बी सांगू का? गाढवाला माझं नाव ठेवनार असशील तर ठेव. तेबी शिळं हाय.” सगळी जत्रा हसली, अन् माझं हातातलं शस्त्रच गेलं. तेव्हापासून ताडकळसची सुपारी आली की माझी भाकर गोड लागत नसे. शेतात नांगर धरला तरी मनात एकच, ह्या माणसापुढं नवं काय न्यावं?

अन् मग ते वर्ष आलं. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटलेला. गावंच्या गावं एकमेकांकडं तोंड फिरवून बसलेली. आमच्या फडात यशवंता ढोलकी वाजवायचा. तो आमच्याच गावच्या भीमनगरातला. त्याच्या थापेवर मी पंधरा वर्षं बोललो होतो. तो बरोबर असला की मला पुढचा शब्द शोधावा लागत नसे. त्या वर्षी दोन गावांनी सांगून पाठवलं, ढोलकीवाला दुसरा आणा. आमचे फडमालक अण्णा म्हणले, “मंग फड बी दुसराच आना.” ती दोन्ही गावं गेली. राहिलं ताडकळस.

तिथं पोलीस ठाण्याच्या जमादारानं आम्हाला उतरल्या उतरल्या उभं केलं. रात्रीच्या खेळाला परवानगी न्हाई, आज बाजार हाय तर दुपारीच करा अन् ऊन उतरायच्या आत आवरा. मग छडीचं टोक माझ्या छातीला लावून म्हणला, “सोंगाड्या तूच ना? नामांतर, विद्यापीठ, जात, पुढारी, ह्यातला एक शब्द जरी तोंडातून निघाला तर खेळ बंद. सगळे गाडीत.”

अण्णांनी मला बाजूला घेतलं. “धोंडबा, आज खेळ मोडला तर पुढं कुनी आपल्याला दारात उभं करनार न्हाई. फड गेला म्हनून समज. नवं काई काढू नको. जुनंच कर.”

“अन् बाबाराव?”

अण्णांनी कपाळाला हात लावला.

बघा आता माझी गत. नवं बोललो तर जमादार खेळ मोडणार. जुनं बोललो तर बाबाराव मोडणार.

दुपारी बाजारातली माणसं तशीच पिशव्या घेऊन येऊन बसली. एरवी खेळ बघायला माणूस ढिला होऊन बसतो. त्या दिवशी सगळे आखडून बसलेले, कोण कुणाशेजारी बसलंय ते बघत. मागं लिंबाखाली दहाबारा पोरं उभीच होती. बसा म्हणलं तरी बसली न्हाईत. एका अंगाला जमादार खुर्ची टाकून. अन् फळ्यांपुढं गोणपाट, त्याच्यावर बाबाराव.

मी फळ्यांवर चढलो, मुजरा केला अन् सासुरवाडीला निघालेल्या जावयाचं काढलं.

“शिळं हाय!”

लोक हसले. मी ऐकलं न्हाई असं करून सावकाराच्या बोकडाचं काढलं.

“शिळं! बोकड म्हातारा झाला!”

पुन्हा हसले, पण त्या हसण्याला धार होती. अन् तेवढ्यात मागून, लिंबाखालून आवाज आला. “नवं सांग की मंग! विद्यापीठाचं सांग! नाव काय ठेवायचं, इचार तुझ्या ढोलकीवाल्याला!”

यशवंताचा हात ढोलकीवर होता तो तिथंच राहिला. हसणं असं थांबलं, जसं कुणी दिव्यावर पाणी ओतलं. डाव्या अंगाला गावच्या बौद्धवाड्यातले लोक बसले होते, त्यांतले चारपाच जण उठून उभे राहिले. जमादारानं खुर्ची मागं सारली.

ऐकलं न्हाई असं करता येईना, सगळ्यांनी ऐकलं होतं. नाव विचारता येईना, त्याचं नाव निघालं की त्याची भावकी उठली असती. उत्तर देता येईना. मी खाली बघितलं तर समोर बाबाराव, गुडघे पोटाशी घेतलेले, माझ्याकडं एकटक बघायलेले. अन् तोंडातून निघून गेलं,

“बाबाराव! इथं वरडायचा हक्क आमच्या आज्या-पंज्यापासून तुमचा. ह्यो मागं तुमचं दुकान मोडायला कोन आला?”

कुणीतरी फिसकन हसलं. पण लगेच सगळ्यांची डोकी बाबारावांकडं वळली. कारण बाबाराव कुठल्या बाजूनं बोलतात, त्यावर आता सगळं होतं. ती पोरं त्यांच्याच भावकीतली होती. बाबाराव हातावर जोर देऊन सावकाश उठले, गोणपाट झटकलं अन् मागं वळले.

“तमाशा बघायची ही रीत हाय का रे? वरडायचं तर म्होरं येऊन बसायचं. त्याला तुझं तोंड दिसलं पायजे, तुला त्याचं. मागं झाडाआडून वरडतो त्याला काय म्हनतेत ठावं हाय ना? अन् ढोलकीवाल्याला काऊन इचारायलास? त्याचं काम तो करायलाय. तुझं काम हाय का काई तुला? बस खाली!”

कुणी हललं न्हाई.

“बस म्हणलं ना!”

एक पोरगं बसलं. मग दुसरं. उभे राहिलेले डावीकडचेबी बसले. बाबाराव माझ्याकडं वळले तर डोळ्यांत तीच आग. “अन् तू काय बघायलास तोंडाकडं? नवं सांग म्हणलं व्हतं. म्हशीचं सांग, बायकोचं सांग, कशाचंबी सांग, पन नवं सांग!”

त्याच वेळेला मैदानाच्या कडेनं एक माणूस बाजारातून न विकलेली म्हैस घेऊन चालला होता. म्हणजे म्हैसच त्याला घेऊन चालली होती. मी तिच्याकडं बोट केलं अन् बोलत सुटलो. मी बायकोला न विचारता म्हैस विकली. मी बाजारातून रमतगमत आलो, म्हैस दावं तोडून माझ्या आधी घरी. बायको दारात उभी, डोळ्याला धार. मी म्हणलं, माझ्यासाठी रडायली, असं तर लग्नात सुद्धा रडली नव्हती. मी हात पसरले. तिनं मला कोपरानं सारलं अन् म्हशीच्या गळ्यात पडली. अन् म्हैस माझ्याकडं अशी बघायली, की इकायचा तर मीच राहिलो.

यशवंतानं थाप टाकली. अशी टाकली, की लिंबावरचे कावळे उडाले. मैदान हसलं. जमादार तोंडावर रुमाल धरून हसला. मी बाबारावांकडं बघितलं, की आता काय म्हणतात.

बाबारावांनी गोणपाट काखेत मारलं अन् भर बतावणीत उठून चालते झाले. वगाला सुद्धा थांबले न्हाईत.

खेळ सुरळीत झाला. फड वाचला. पण उतरल्यावर जो तो म्हणायला लागला, बाबारावनं सांभाळलं. अण्णाबी तेच म्हणले. माझं रक्त उसळलं. ह्या माणसानं वर्षानुवर्षं माझं बोलणं तोडावं, आज माझं नवं ऐकून पाठ फिरवून जावं, अन् वर मोठेपणाबी त्याचाच? मी तोंडावरचा रंग निम्मा पुसला, निम्मा तसाच ठेवला अन् निघालो.

“कुठं?” यशवंता म्हणला.

“इचारून येतो, मी त्याचं काय खाल्लंय.”

“जा. पन शिवी देऊ नको. तो उठला नसता तर माझा हात उचलला नसता.”

बाबारावांचं घर बाजाराच्या मागंच. दार उघडं. अंगणात कुणी न्हाई, पोराबाळांची चिंधी सुद्धा वाळत घातलेली न्हाई. मी हाक मारणार, तेवढ्यात आतून त्यांचाच आवाज आला.

“...मंग म्हैस घरी आली. अन् मंग त्यानं ती इकली.”

बाईचा आवाज आला. “घरी आलेली म्हैस इकली कशाला?”

“तसं न्हाई गं. आधी इकली. थांब. बायको दारात रडायली—”

“आवं, इकली म्हनून रडायली का आली म्हनून? पुन्ना पहिल्यापासून सांगा. ह्यात हसायसारखं काय हाय?”

“हाय गं, लय हाय! सारा बाजार हसला. तो लय झ्याक करतो, नुसता उभा राहिला तरी बघत राहावं. मी इसरू ने म्हनून निम्म्यातून पळत आलो. पन माझ्या तोंडात आलं की शिळं व्हतंय.”

“मागल्या वर्षीचा बोकड नगा सांगू. तो मला पाठ हाय.”

“न्हाई सांगत. म्हनून तर तिथं वरडतो ना, मर्दा, घरी न्यायला कायतरी नवं दे म्हनून.”

घरच्या बाया तमाशाला बसत न्हाईत. ही आमच्या मुलखाची रीत, मलाबी ठावं होती. फळ्यांपुढं मी कव्हा लुगडं बघितलं न्हाई. पण तिकडं न बसलेली माणसं घरी काय करत असतील, हे माझ्या डोक्यात कव्हाच आलं नव्हतं.

मी खाकरलो. बाबाराव बाहेर आले अन् मला बघून त्यांचा चेहरा चोरी सापडल्यागत झाला.

“काय पायजे?”

“पानी पायजे.”

तांब्या आला. पाणी पिऊन मी ओसरीवर बसलो, दाराकडं पाठ करून. घरच्या बाईनं तमाशावाल्यापुढं यायचं नसतं, तर तमाशावाल्यानं तरी तोंड फिरवावं. अंगणाकडं बघत मी मोठ्यानं म्हणलं, “मालक, बाजारात तुमी निम्म्यातून गेलाव. मला ते चालत न्हाई. आता पुरं ऐकावं लागंल.”

बाबाराव दाराच्या कडेला, माझ्या शेजारीच टेकले. त्यांना मीबी दिसत होतो अन् आतलं माणूसबी. मी म्हैस विकली, दावं तोडलं, बायकोला दारात उभी केली. मागं सगळं चिडीचूप. पाठीमागं बसलेलं माणूस हसायलंय का न्हाई हे कळत नसलं, म्हणजे सोंगाड्याला काय होतं ते मी कुणाला सांगू. बाबारावांकडं बघावं, तर ते माझ्याकडं बघेनातच. नजर सगळी आत.

मी म्हणलं, “...अन् म्हैस माझ्याकडं अशी बघायली, की इकायचा तर मीच राहिलो.”

मग आतून, “मंग तिनं त्याला जेवू घातलं का न्हाई?”

असलं मला कव्हा कुणी विचारलं नव्हतं.

“घातलं की, वैनी. आधी म्हशीला पेंड टाकली. मंग मला भाकर. अन् म्हणली, कालवन पायजे, का तिच्याच पाटीत बुडवून खाताव?”

आधी बांगड्या वाजल्या. मग पदर तोंडात कोंबल्यावर येतो तसला आवाज आला, अन् मग पदरालाबी आवरेना. मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर बाबारावांनी माझ्यापुढं तळहात धरला.

“थांब जरा,” ते हळूच म्हणले. “तिचं हसून होऊं दे.”