घारीच्या नजरेचा ड्रायव्हर

“आमचा केरबा म्हंजे घार हाय मॅडम, घार! कागलात कुत्र्यानं शेपूट हलवलं तर ह्याला हुपरीतनं दिसतंय!”

अमरसिंहांनी मिशीला पीळ देत ठोकून दिलं. हुपरी-कोल्हापूर मार्गावर त्यांच्या मिनीबस धावायच्या. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीला कामगारांची ने-आण करायला गाड्या हव्या होत्या आणि घास अगदी तोंडाशी आला होता. आडवी आली ती गिरणीची सेफ्टी ऑफिसर, श्रुती. “ड्रायव्हरांचे डोळे तपासलेत का?” एवढंच ती विचारत होती. अमरसिंह गाडीचं ऑइलसुद्धा नाइलाजानं तपासायचे. ड्रायव्हर कोण तपासतंय!

“तपासायचं काय त्यात? बसा गाडीत. कोल्हापूरला जाऊन येऊ. सोताच बघा की!”

अडचण एकच होती, कंडक्टर मीनाबाई. ही बाई केरबाच्या कानाशी उभी राहून वाटभर बडबडायची. “केरबा, म्हस! केरबा, खड्डा! केरबा, डावीकडं घे, पोरं हायत!” जिभेला खाज, दुसरं काय, असं अमरसिंहांचं मत.

“मीनाबाई, आज मागं बसायचं. तोंडातनं ब्र काढायचा न्हाय!”

“आवो पण मालक...”

“ब्र न्हाय!”

मीनाबाई मागं जाऊन बसली आणि पुढची सीट दोन्ही हातांनी आवळून धरली.

गाडी निघाली. गावाबाहेर केरबानं कचकन ब्रेक दाबला, दार उघडलं आणि ओरडला, “या पावणं, या! मागं जागा हाय!”

पावणं हलेनात. हात वर करून नुसते हसत उभे! श्रुतीनं खिडकीतून पाहिलं. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा पुरुषभर उंचीचा कटआउट होता तो.

“गुर्मी बघा!” केरबा भडकला. “हात करायचा आन् चढायचं न्हाय!”

“लई इनोदी हाय आमचा केरबा,” अमरसिंह घाम पुसत म्हणाले.

पुढं एक फुलांची कमान आली. मुख्य रस्ता वळला, केरबा वळला नाही. गाडी थेट कमानीखालून एका लग्नाच्या मांडवात! बँडवाल्यांना वाटलं, नवरदेव आला. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. खुर्च्या उडाल्या, आचारी झारा घेऊन टेबलावर चढला आणि समोर तांबड्या रश्श्याचं भलंमोठं पातेलं...

“केरबाऽऽ! पातेलं! ब्रेक!” मीनाबाईनं मागून बोंब ठोकली.

गाडी पातेल्यापासून वीतभर अंतरावर थांबली. त्या गोंधळात कुणीतरी अमरसिंहांना खाली उतरवून फेटासुद्धा बांधला.

“केरबा, तुम्हाला पातेलं दिसलं नाही?” श्रुतीनं विचारलं.

“चष्म्याबिगर कसं दिसंल, मॅडम?”

“मग चष्मा कुठाय?”

“घरात. मालकच म्हणालेत, चष्मेवाला ड्रायव्हर बघून पॅसेंजर उतरत्यात. मग मीनाबाईच्या डोळ्यानं चालवतोय की!”

अमरसिंहांनी फेटा कपाळावर ओढला, पण तेवढ्यानं तोंड झाकेना. पातेल्याच्या पलीकडं करवल्या पोरी हातात हात घालून उभ्या होत्या. त्यांच्याकडं बघितलं आणि अमरसिंहांनी फेटा काढून हातात घेतला.

“कामाचं नंतर बघू,” श्रुती म्हणाली. “आधी एकेका ड्रायव्हरचे डोळे तपासा. तो खर्च तुमचा, जबाबदारीही तुमचीच.”

गाडी तिथंच सोडून सगळे रिक्षानं परतले.

डोळे तपासले गेले. केरबाला नवा, जाडजूड चष्मा आला. गिरणीचं काम सुरू व्हायच्या दिवशी अमरसिंहांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला. केरबा ऐटीत चष्मा चढवून गाडीभोवती फिरला. पुढच्या चाकाजवळ थबकला, वाकला, टायरवरून हात फिरवला.

“मालक, ही टायरं हायत व्हय? माझ्या टकलावर ह्यापेक्षा जास्त केसं हायत! आन् ह्यो काय, आरसा तडकलाय! दाराला तर तार बांधलीया! न्हाय बा, असली गाडी मी न्हाय चालवायचो!”

गिरणीचे कामगार चढता चढता थांबले. अमरसिंहांनी इकडंतिकडं बघितलं आणि केरबाच्या कानाशी लागून हळूच म्हणाले,

“केरबा... जरा चष्मा काढतोस का?”