डॉक्टरांचा चाकू आणि सासऱ्यांचा साबण

दातांच्या डॉक्टरांना चाकूची काहीएक गरज नव्हती. झाडाझुडपांशी त्यांचा संबंध म्हणजे दवाखान्याच्या खिडकीतली एकुलती एक कुंडी, आणि तिलाही पाणी मदतनीस बाईच घालायच्या. तरीही त्यांनी हातानं घडवलेला, रानात वापरायचा चाकू मागवला. त्याला कारण एकच, त्यांचे साडू.

मागच्या सहलीत तळ्याकाठी ताडपत्रीचा दोर गुंतला. "कुणाकडे चाकू आहे का?" असं साडूंनी विचारल्यावर डॉक्टरांनी मोठ्या तत्परतेनं पिशवीतून नेलकटर काढून दिलं. साडू हसता हसता खाली बसले. तेव्हापासून दोन्ही कुटुंबं जमली, की नेलकटरची चौकशी व्हायचीच. वास्तविक साडूंनी डॉक्टरांपुढे जरा दबून राहायला हवं होतं. बाटलीचं झाकण दातांनी उघडायला जाऊन त्यांनी दाढेचा टवका उडवून घेतला होता. ती दुरुस्त करताना, साडूंच्या तोंडात कापूस कोंबलेला असल्याचा फायदा घेऊन, डॉक्टरांनी त्यांना त्यांच्या बायकोसमोर यथेच्छ झापलं होतं. एवढ्यावरही समाधान न होऊन त्यांनी खुर्चीसमोर पाटी लावली: 'दात हे अवजार नव्हे.'

चाकू गुरुवारी आला आणि पहिल्या भेटीतच डॉक्टर विरघळले. जाड चामड्याचं घट्ट म्यान, गडद लाकडाची मूठ, पात्यावर हातोडीच्या खुणा. त्यांनी एक कागद कापून पाहिला, तर त्याचे दोन तुकडे झाल्याचं कागदालाही कळलं नसावं. मग चाकू कमरेला अडकवून ते आरशासमोर उभे राहिले, आधी समोरून, मग बाजूनं.

"हे लावून दवाखान्यात जाणार आहात का?" बायकोनं दारातून विचारलं. "जरूर जा. कुणी दात काढायला नाही म्हणणार नाही."

डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. रविवारी पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं होतं. आता बघू कोण हसतं ते, असं मनाशी म्हणत त्यांनी चाकू कपाटात ठेवला. कुलूप मात्र लावलं नाही, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

कारण घरात सासरे मुक्कामाला होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, हा सासऱ्यांचा जन्माचा नेम. नव्या चपला ते धुवायचे, नवी छत्री धुवायचे. एकदा त्यांनी नवं मनगटी घड्याळ धुतलं, तेव्हापासून ते लोकांना वेळ विचारत असतात. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर घरी आले, तेव्हा बाल्कनीतल्या दोरीवर, टॉवेल आणि बनियनच्या मधोमध, दोन चिमटे लावून चाकू वाळत घातलेला होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"धुतला. कुणाकुणाचे हात लागलेले असतात, जावईबापू. साबणाच्या पाण्यात भिजवला आणि दिलं मस्त ऊन."

"म्यानासकट?"

"मग? बाहेर काढताना हात कापला असता म्हणजे? धारेची वस्तू आहे ती. तुम्हीसुद्धा जपून वापरा."

डॉक्टरांनी मूठ धरून ओढली. चाकू हलला नाही. उन्हानं आवळलेल्या चामड्यानं पात्याला अशी काही मिठी मारली होती, की दोघं वेगळे होते हे सांगूनही खरं वाटलं नसतं. डॉक्टरांनी म्यान धरलं आणि बायकोनं मूठ. लग्नापासून साठत आलेला सगळा राग तिनं त्या एका हिसक्यात घातला असावा. चाकू म्यानातच राहिला आणि डॉक्टर चपलांच्या मांडणीत जाऊन पडले. सासरे दुरून सूचना करत होते, की पुन्हा एकदा गरम पाण्यात टाकून बघा.

नेमका तेव्हाच चाकू घडवणाऱ्या कारागिराचा फोन आला. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो असा फोन करायचा.

"काय साहेब, पहिलं मत काय?"

"म्यान ओलं झालं तर काय करायचं हो?" डॉक्टरांनी जमेल तितक्या सहज स्वरात विचारलं.

पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुणी केलं?"

"सासऱ्यांनी."

"मग तुम्हाला काय बोलणार," कारागीर दुःखानं म्हणाला. "मुठीजवळून तेल सोडा, आणि रविवारपर्यंत त्याला हात लावू नका. ओढू तर मुळीच नका."

डॉक्टरांनी तेल सोडलं. पण लोकांचे दात उपटण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाला एक चाकू निघत नाही म्हणजे काय! शनिवारी संध्याकाळी त्यांनी तो दवाखान्यात नेला. दाढ काढायची पकड आणली, मदतनीस बाईंना म्यान धरायला लावलं, स्वतः एक गुडघा खुर्चीवर टेकवून दातओठ खात जोर लावला. बाहेर बसलेल्या पेशंटनं दाराच्या फटीतून हा देखावा पाहिला आणि आपली दाढ आता अजिबात दुखत नाही असं सांगून तो निघून गेला. त्याची समजूत घालायला बाई त्याच्यामागे धावल्या.

डॉक्टर एकटे उरले. आणि आता त्यांना दिसलं, की म्यानाच्या तोंडाशी चामड्याची एक वादी गाठ मारून आवळलेली आहे. ती सुटली तर म्यान सैल होईल. पण एका हातात मूठ, दुसऱ्यात म्यान, आणि गाठ सोडवायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. डॉक्टरांनी फार विचार केला नाही. त्यांनी मान वाकवली, गाठ दातांत धरली आणि हिसका दिला.

'कट्' असा आवाज झाला. गाठ होती तशीच होती.

बाई परत आल्या, तेव्हा डॉक्टर तळहातावरचा समोरच्या दाताचा तुकडा बघत होते. बाईंनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, आणि त्या कुंडीला पाणी घालायला गेल्या. गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिली. डॉक्टरांनी चाकूला, म्यानाला, साबणाला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

रविवारी तळ्याकाठी डॉक्टर ओठ घट्ट मिटून बसले. बायकोनं कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं, पण ती वाटभर गाडीच्या खिडकीकडे तोंड करून हसत होती.

"काय डॉक्टर, नेलकटर आणलंय ना?" साडूंनी आल्या आल्या सुरुवात केली.

डॉक्टरांनी नुसतं कमरेकडे बोट दाखवलं. साडू पुढचं वाक्य गिळून जवळ आले.

"अरे वा! काढा की बाहेर."

डॉक्टरांनी सावकाश नकारार्थी मान हलवली. साडू बायकोच्या कानाशी लागले, आणि डॉक्टरांना अगदी स्पष्ट ऐकू आलं, "बघ, जाणकार माणूस असा असतो. बोलत नाही, मिरवत नाही." त्यानंतर ताडपत्री कुठे बांधायची हे साडूंनी डॉक्टरांना विचारून ठरवलं. डॉक्टर हुंकारानं होकार देत होते. त्यांना फार बरं वाटत होतं. असाच संध्याकाळपर्यंत गप्प बसलो तर जिंकलो, असा त्यांनी हिशेब केला.

मग सफरचंदं निघाली.

"मी एकदा हातात घेऊन बघू का?" असं म्हणत साडूंनी अदबीनं दोन बोटांत मूठ धरली. डॉक्टर हात आडवा घालणार, तोच चाकू लोण्यातून यावा तसा अलगद बाहेर आला. तेलानं आपलं काम केलं होतं, कारागिरानं सांगितलेल्या दिवशी, कुणीही जोर न लावता. पातं उन्हात लखलखलं. साडूंनी एका झटक्यात सफरचंदाच्या दोन फोडी केल्या, दोघी बहिणी एकदमच "वा" म्हणाल्या, आणि सोबत आलेले सासरे समाधानानं उद्गारले, "धुतला होता ना, म्हणून."

डॉक्टरांनी आ वासला. वासला तो तसाच राहिला.

फोड पुढे करणारा साडूंचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी चाकू खाली ठेवला, दोन बोटांनी डॉक्टरांची हनुवटी उचलून उजेडाकडे वळवली आणि आत निरखून पाहिलं. मग अगदी मऊ, समजूतदार आवाजात, डॉक्टरांच्याच आवाजात, ते म्हणाले, "दातांनी काय उघडत होतात?"

डॉक्टरांनी तोंड मिटायची खटपट केली.

"अं हं. उघडंच ठेवा," साडू म्हणाले, आणि ऐसपैस मांडी घालून, डॉक्टरांच्या बायकोसमोर, त्यांनी अगदी सुरुवातीपासून बोलायला घेतलं.