बायकोचा कॉम्प्युटर आणि माझा आवक क्रमांक

बायकोचा कॉम्प्युटर आवरायचं मी ठरवलं, तेव्हा माझा हेतू शुद्ध होता. (माझे सगळे उपद्व्याप शुद्ध हेतूनेच सुरू होतात, असं सासूबाई म्हणतात. कौतुकाने म्हणत नाहीत.)

बायको लग्नाचे पोशाख शिवते. कापड बेतायचे तिचे सगळे पॅटर्न त्या कॉम्प्युटरवर, आणि फायलींची नावं काय, तर ‘गुबगुबीत मावशी’, ‘भांडकुदळ नवरी’, ‘बाही पुन्हा’! आवक-जावक टेबलावर केस पांढरे केलेल्या माणसाला हे बघवेना. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहून आणली. ती चालवली की प्रत्येक फाईलचं नाव पुसलं जाणार आणि तिथे आवक क्रमांक बसणार.

असे हुकूम द्यायची पडद्यावरची काळी खिडकी उघडून मी ऐटीत पहिला हुकूम टाइप केला. उत्तर आलं, या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे.

बंदी! ऑफिसात साहेब विचारत नाही, घरात पोरगी जुमानत नाही, आता हा डबाही? मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

“परवानगी बदला,” तो म्हणाला. “पण तेवढ्या खिडकीपुरतीच हं!”

असला कंजूषपणा मला जमत नाही. मी सरसकट सगळ्याला परवानगी देऊन टाकली. “नक्की ना?” असं खिडकीने विचारलं, तेव्हा न वाचताच ‘हो’ केलं. (लग्नही मी असंच केलं.)

मिनिटभरात सगळ्या फायलींना क्रमांक बसले, तेवढ्यात बायको आली. “अहो, भांडकुदळ नवरी कुठाय? संध्याकाळी फिटिंग आहे, बाह्या कापायच्या राहिल्यात.”

“आवक क्रमांक सांग, लगेच देतो.”

“कसला क्रमांक?”

मी सांगितलं. मग आम्ही एकेक फाईल उघडत बसलो. (“सगळ्या बाह्या सारख्याच तर दिसतात,” हे मी तेव्हा बोलायला नको होतं.) ही नवरी बिथरली, तर तिच्या बहिणींचीही कामं हातची जाणार होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

शेवटी तिने भावाला बोलावलं. मेहुण्याकडे सगळ्या फायलींची प्रत होती, जुन्या नावांसकट. बाह्या वेळेत कापून झाल्या.

मला कंठ फुटला. “पण ती बंदी कुणी घातली होती रे?”

“मीच. ताईने सांगितलं होतं.”

“व्हायरससाठी ना?”

मेहुणा खाली बघू लागला. “भाऊजी, व्हायरससाठी वेगळी सोय आहे.”

जाण्याआधी त्याने मला वेगळं खातं काढून दिलं. त्यात मला बघता येतं. बदलता येत नाही, चालवता तर मुळीच येत नाही. खात्याचं नाव ‘पाहुणा’.

“असू दे,” मी म्हटलं. “पाहुण्याला निदान चहा तरी मिळतो!”

मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली, “करताय तर माझाही अर्धा कप टाका.”